त्रिवेंद्रमची दांडगी चिलटं

लखनौच्या अलीगंजमधल्या बायकांना यमुना नलावडे काय काम करते हे सांगून पटत नसे. "चिलटं पाळते," असं ती सरळ सांगायची आणि ऐकणारी बाई पदर तोंडाला लावायची. आपल्या घरात केळ्यांवर चार चिलटं घोंगावली की आपण फडकं घेऊन धावतो, आणि ही साताऱ्याकडची बाई पगार घेऊन त्यांना जेवू घालते! शेजारच्या शुक्लाइनने तर एकदा विचारलंच, "दीदी, इनका करते क्या हैं? अचार?" यमुनेने तितक्याच गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "नहीं, पंख नापते हैं."

पण खरंच पंखच मोजायचे. यमुनेचा नवरा चंद्रहास लष्करात, मेडिकल कोअरमध्ये हवालदार. त्याची बदली लखनौला झाली तेव्हा ती कोरेगावहून दोन ट्रंका आणि एक पाटा-वरवंटा घेऊन आली. मॅट्रिक झालेली होती आणि घरी गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. चौऱ्याऐंशी साली नदीपलीकडच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात, लॅब अटेंडंटची जागा निघाली आणि ही तिथे चिकटली. पुढे चंद्रहास रिटायर झाला, अलीगंजात दोन खोल्या झाल्या, आणि गावी जाऊ, जाऊ म्हणता म्हणता राहिले ते राहिलेच.

विभागातले डॉक्टर जगदीश निगम चिलटांच्या पाठी लागलेले होते. जम्मूपासून त्रिवेंद्रमपर्यंत जात एकच, पण उत्तरेचं चिलट अंगाने मोठं, पंख लांब, पोट काळसर. आणि जसजसं दक्षिणेला उतरावं तसतसं लहान आणि फिकट. तुम्ही म्हणाल, हवेचा गुण असेल. तर तसं नव्हे! सगळ्यांना एकाच कपाटात, एकाच उबेत, एकच अन्न घालून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं तरी जम्मूचं ते जम्मूचंच राहतं. म्हणजे फरक बियाण्यातच उतरलेला. हे दाखवायचं, तर गावोगावची चिलटं जिवंत आणि निर्भेळ ठेवायला हवीत. एकेका गावच्या दहा माद्या आणायच्या आणि प्रत्येकीची पोरं-नातवंडं वेगळ्या बाटलीत वाढवायची. निगम त्याला 'लाइन' म्हणत. यमुना म्हणे, 'घराणं'. पाच गावांची पन्नास घराणी आणि त्या सगळ्यांची चूल एकच, यमुनेची.

मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि थिजवायला अगर घालून ती मोठ्या पातेल्यात खळ शिजवायची, अगदी पिठल्यासारखी ढवळत. गुठळी झाली की निगमसरांनासुद्धा ऐकून घ्यावं लागे, कारण गुठळी होते ती कुणीतरी मध्येच येऊन बोलल्यामुळे. लखनौची वीज गेली की ती कपाटाला ओली पोती गुंडाळायची आणि थंडीत आत बल्ब लावायची. एका नळीत अंडी मोजून पन्नासच ठेवायची, कारण खाणारी तोंडं जास्त झाली की पोरं खुरटतात आणि मग मापाला अर्थ राहत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही, पण शिकवणाऱ्यापेक्षा ती जास्त काटेकोर निघाली.

आणि तिचा एक कायदा होता. नव्या बाटलीत चिलटं हलवायच्या दिवशी टेबलावर एकाच गावच्या बाटल्या यायच्या. जम्मूची पंगत उठली, टेबल स्पिरिटने पुसलं, कापसाचे बोळे बदलले, खोलीतलं उडतं एकेक चिलट मारलं, की मगच लखनौची पंगत बसायची. दोन गावं एका पंगतीला कधीच नाहीत. दुसरी सवय दिवस मोजण्याची. अंडं पडलं तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिंब देऊन ठेवायचा आणि तिथून बोटं मोजायची: दुसऱ्या दिवशी अळी, पाचव्या-सहाव्या दिवशी कोश, दहाव्या दिवशी बारसं. चिलट बाहेर पडलं की यमुना खरोखरच "झालं बारसं" म्हणायची. बारा वर्षांत एक बाटली मिसळली नव्हती, आणि हे ती नाकावर टिच्चून कुणालाही सांगत असे.

शहाण्णव साली निगमांकडे सुजय दांडेकर पीएच.डी. करत होता. लखनौच्याच महानगर वस्तीत वाढलेला, वडील इथेच औषधांच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीत. यमुनेला 'मावशी' म्हणायचा आणि तिच्या डब्यातलं थालीपीठ न विचारता उचलायचा. पोरगा हुशार आणि मेहनती, पण भारी घाईचा. ऑक्टोबरात तो नागपूर, हैदराबाद, त्रिवेंद्रम असा दौरा करून चिलटं धरून आला. त्रिवेंद्रमची पहिली पिढी बाहेर पडली तेव्हा यमुना म्हणाली होती, "अरे सुजय, तुझे मल्याळी भलतेच दांडगे आहेत की!" तो हसला. म्हणाला, "नारियल खाते हैं मावशी."

डिसेंबरात मापं झाली. एका गुरुवारी निगमांनी यमुनेला बोलावलं, "नलावड़े जी, ज़रा तशरीफ़ लाइए." लखनौचा माणूस चिडला की जास्तच अदबीने बोलतो, हे यमुनेला बारा वर्षांत कळलेलं होतं.

टेबलावर आलेखाचा कागद होता. जम्मू वर, मग लखनौ, नागपूर, हैदराबाद अशी रेघ छान उतरत आलेली, आणि शेवटी त्रिवेंद्रमचं टिंब पुन्हा उडी मारून लखनौच्या शेजारी जाऊन बसलेलं. दहापैकी आठ घराणी पंखाने, रंगाने थेट लखनौची. दोनच लहान, फिकट. जानेवारीत परिषदेत हा कागद दाखवायचा होता.

"ये त्रिवेंद्रम वाले लखनऊ में कब से बस गए?" निगमांनी विचारलं.

बाजूला सुजय उभा होता, बुटांकडे बघत. तो हळूच म्हणाला, "सर, मेरे हाथ से तो ठीक ही आए थे. ट्रान्सफर में कहीं मिक्स हुआ होगा."

ट्रान्सफर, म्हणजे बाटल्या बदलणं. ते फक्त यमुना करायची. तिने सुजयकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही. तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "सर, बारह साल में मेरे हाथ से एक बोतल मिक्स नहीं हुई!"

"बारह साल में एक बार तो इंसान से हो ही जाता है," निगम शांतपणे म्हणाले. "मुझे आपसे कोई शिकायत नहीं." आणि त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सोमवारपासून चिलटांच्या खोलीचा चार्ज एका बी.एस्सी. झालेल्या टेक्निशियनकडे, श्रीमती नलावडे यांनी म्युझियममध्ये काम पाहावं. म्युझियम, म्हणजे फॉर्मलिनमधले साप आणि हाडांवरची धूळ! शिकायत नाही म्हणे. शिव्या घातल्या असत्या तरी बाईला इतकं लागलं नसतं.

घरी चंद्रहास मटार सोलत बसला होता. तिने सगळं सांगितलं, रडली, मग रडल्याचा राग आला म्हणून आणखी रडली. चंद्रहास शेंगा सोलतच होता.

"कोर्टमार्शलच्या आधी चौकशी असते," तो म्हणाला. "तुझी झाली का?"

"कसली चौकशी? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मेल्यांनी!"

"मग तू कर. तीन दिवस आहेत. चार्ज अजून तुझ्याकडे आहे ना?"

शुक्रवारी सकाळी यमुना खोलीत शिरली ती कंबर कसूनच. त्रिवेंद्रमच्या दहाही बाटल्या तिने खिडकीपाशी ओळीने मांडल्या. तिसऱ्या आणि सातव्या बाटलीत लहान, फिकट चिलटं. बाकी आठांत दांडगट. मग तिने सुजयचं रजिस्टर काढलं. नागपूरला धरली नऊ आणि दहा ऑक्टोबरला. हैदराबादला बारा-तेराला. त्रिवेंद्रमला सापळा टांगला सोळाला, चिलटं काढली सतरा तारखेला संध्याकाळी. नागपूर बरोबर आलं, हैदराबाद बरोबर आलं. शेवटचंच गाव बिघडलं. का?

सापळा म्हणजे डबा, त्यात यीस्ट घातलेली कुस्करलेली केळी. केळी कुठली? हा प्रश्न तिला पडला आणि तिने रजिस्टर मिटलं. कारण केळी लखनौची! सुजय निघण्याआधी मोठ्या ऐटीत म्हणाला होता, की शास्त्र म्हणजे शास्त्र, सगळीकडे आमिष एकसारखंच पाहिजे. गावोगावची केळी वेगळी, ते चालायचं नाही. म्हणून लखनौतल्याच कपूरथळा भागातल्या बाजारातून केळी आणून, इथेच कुस्करून, सहा बरण्या भरून तो घेऊन गेला. कधी कुस्करली? सोमवारी निघाला, म्हणजे आदल्या दिवशी. सहा ऑक्टोबर, रविवार. रविवारी यमुना घरी असते. आणि आंबायला ठेवलेली केळी तो झाकून ठेवणाऱ्यातला नव्हे, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यावर इथली चिलटं बसून अंडी घालून गेली असणार.

तिने कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान उलटलं आणि सहा तारखेवर टिंब दिलं. सातला अंडी फुटली. अकराला-बाराला कोश. आणि दहावा दिवस, बारशाचा, सोळा ऑक्टोबर! त्याच सकाळी सुजयने त्रिवेंद्रमला सापळा टांगला. नागपुरात आमिषात नुसत्या अळ्या होत्या, हैदराबादेत कोश होते. उडणारं एकही नाही. त्रिवेंद्रमला पोचेपर्यंत मात्र लखनौची चिलटं आमिषातूनच बाहेर पडली, आणि आपल्या शास्त्रज्ञाने ती मल्याळी म्हणून माघारी आणली. फुकटात केरळ बघून आली मेली! यमुना एकटीच मोठ्याने हसली.

पण हसून काय होणार? पुरावा पाहिजे. ती धुण्याच्या खोलीत गेली. ज्याच्या काचेवर ज्याचं नाव, त्याने सांगितल्याशिवाय ती धुवायची नाही, अशी विभागातली रीत. सिंकखाली, कोपऱ्यात, सुजयची एक बरणी धूळ खात पडली होती. सहातली पाच वापरली, ही तशीच परत आलेली. तोंडाला जाड फडकं, त्यावर सुतळीची गाठ, आणि पट्टीवर सुजयच्याच अक्षरात तारीख, सहा ऑक्टोबर. आत केळी वाळून काळी पडलेली. काचेला आतून कोशांची रिकामी टरफलं चिकटलेली, आणि तळाशी मेलेली पंधरा-वीस चिलटं. मोठी, काळसर पोटाची. यमुनेने गाठीला हात लावला नाही. बरणी उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं.

शनिवारी सुजय आला तेव्हा तिने त्याला आत घेतलं, दार लावलं, बरणी समोर ठेवली आणि कॅलेंडरवरचे दिवस एकेक करून मोजून दाखवले. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंतच त्याचा चेहरा उतरला होता.

"नागपुर में कीड़े दिखे थे मुझे," तो पुटपुटला. "मुझे लगा, वहीं की मक्खियों ने अंडे दिए होंगे."

"आणि माझं नाव घेताना काय वाटलं?"

त्याने बरणी उगाच फिरवली.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतोस होय रे? माझ्या डब्यातलं खाऊन माझ्याच हाताला बट्टा लावलास!" यमुनेचा आवाज फाटला. "चूक केलीस त्याचं काही नाही. चूक माझ्यानेही होईल उद्या. पण तू न बघता बोट दाखवलंस."

सुजयचे डोळे भरले. "मावशी, सर को मत बताना प्लीज़. जनवरी का पेपर गया तो मेरा पूरा साल गया."

इथे यमुना थोडी ढिली पडली, हेही सांगायला हवं. पोटचं पोर नसलं तरी पाच वर्षं डोळ्यांसमोर वाढलेलं. पण त्याचं वर्ष वाचवायचं, तर आपली बारा घालवायची? ती म्हणाली, "मी चुगली करणार नाही. तूच सांगायचंस. सोमवारी दहा वाजता. नाही सांगितलंस तर बरणी घेऊन मी जाईन, आणि मग मी कुणाच्या बापाला ऐकत नाही."

सोमवारी दहा वाजले. सुजय नाही. सव्वादहा झाले. यमुना इस्त्रीची साडी नेसली होती, रजिस्टर काखेत होतं. तिने कपाट उघडलं, बरणी घेतली आणि व्हरांड्यातून चालू लागली. निगमांच्या दारापाशी पोचते तोच मागून धावतपळत पावलं आली. सुजयला धाप लागलेली, दाढी वाढलेली. त्याने बरणी तिच्या हातातून घेतली आणि आधी तोच आत शिरला.

त्याने सगळं सांगितलं, दिवस मोजून, यमुनेने मोजले होते तसे. एक शब्द वगळला नाही. शेवटी म्हणाला, "मावशी का नाम मैंने बिना देखे लिया था, सर." निगमांनी बरणी खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ फिरवून पाहिली. "लेकिन इससे यह तो साबित नहीं होता," ते जरा चाचरत म्हणाले, "कि कमरे में भी कुछ मिक्स नहीं हुआ."

तेव्हा यमुना पुढे झाली. तिने पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. तीन आणि सात.

"सर, ये दो असली त्रिवेंद्रम की हैं. फँदे में बाहर से जो दो आईं, उनकी औलाद. ऑक्टोबर से आज तक पाँच पीढ़ी हो गईं. आठ दांडगटों के बीच में, उसी शेल्फ पर, उसी टेबल पर, इन्हीं हाथों से." तिने दोन्ही हात पुढे केले. "मेरे हाथ से कुछ मिक्स होता, तो ये दो बची रहतीं क्या?"

निगमांनी आलेखाचा कागद ओढला. रजिस्टरमधून फक्त त्या दोन घराण्यांची मापं काढली, सरासरी केली आणि पेन्सिलीने टिंब दिलं. टिंब रेघेच्या टोकावर, जिथे पडायला हवं तिथेच पडलं. जम्मूपासून त्रिवेंद्रमपर्यंत रेघ सुरेख उतरत गेली. निगम त्या टिंबाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वाह." नंतर सुजयकडे वळून म्हणाले, "दो लाइनों पर पेपर नहीं होता, बरखुरदार. जनवरी छोड़िए. दोबारा जाइए, और केले वहीं के ख़रीदिए."

मग ते यमुनेकडे वळले. चेहऱ्यावर ओशाळलेपण होतं. "नलावड़े जी, आप अपना काम सँभालिए. वो काग़ज़ भूल जाइए."

"काग़ज़ मैं नहीं भूलती सर," यमुना म्हणाली. "जो काग़ज़ से गया, वो काग़ज़ से ही वापस आएगा."

निगमांच्या भुवया वर गेल्या, आणि मग त्यांनी टाइपरायटर ओढला. दुपारी कागद आला: चिलटांच्या खोलीचा चार्ज श्रीमती यमुना नलावडे यांच्याकडेच राहील, कॉलेजातल्या कोणीही, खाली सही करणाऱ्यासकट, त्यांच्या परवानगीशिवाय खोलीत पाऊल ठेवू नये. चंद्रहासने तो संध्याकाळी उभं राहून मोठ्याने वाचला, शुक्लाइनला ऐकू जाईल असा. यमुनेने चार दिवस सुजयला डब्यातलं काही दिलं नाही. पाचव्या दिवशी दिलं, कारण पोरगं खरंच वाळलं होतं.

त्याच आठवड्यात दिल्लीहून निगमांचे कुणी बडे पाहुणे आले. मंडळी हिरवळीवर उन्हात बसून अलाहाबादचे पेरू खात होती. मीठ लावून, बोटं चाटत. मग पाहुण्यांना चिलटं दाखवायला निगम थेट खोलीपाशी आले आणि दार ढकलू लागले. यमुना आतून दारात येऊन उभी राहिली.

"हाथ धोकर आइए सर. साबुन से. अमरूद की बास पर मेरी सब बोतलें बेचैन हो जाएँगी."

पाहुणे चमकले. निगम निमूट वळून नळाकडे गेले. त्यांच्या मागोमाग पाहुणेही कोटाच्या बाह्या वर करत गेले.

"ये कौन हैं?" पाहुण्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

निगम साबण चोळत होते. "मक्खियाँ इन्हीं की हैं, साहब," ते म्हणाले. "हम लोग तो सिर्फ़ नापते हैं."

यमुनेने ते दारातून ऐकलं. तिने धुतलेला टॉवेल बाहेर धरला आणि दोघांनी हात नीट कोरडे केल्यावरच दार उघडलं.